पोकरमधील दबा : मौन या चिन्हाच्या मूल्याविषयी

१

१९८८ साली अमेरिकेतील लास व्हेगास येथे 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धेचा मुख्य सामना शेवटच्या दोन खेळाडूंवर येऊन ठेपला होता. त्यांपैकी एक होता आदल्या वर्षीचा विजेता जॉनी चॅन, आणि दुसरा एरिक सायडेल. शेवटच्या डावात चॅनच्या हाती किलवरचा गुलाम व किलवरची नव्वी, तर सायडेलच्या हाती किलवरची राणी व बदामाची सत्ती अशी पाने होती. मेजावर प्रथम राणी, दश्शी व अठ्ठी ही तीन निरनिराळ्या रंगांची पाने उघडली. त्याबरोबर चॅनची अठ्ठीपासून राणीपर्यंत पाच पाने सलग जुळली. मेजावरची ती तीन पाने पाहता याहून वरचढ जुळणी कोणाचीही असणे शक्य नव्हते. सायडेलजवळ राण्यांची जोडी होती. दोघांच्याच सामन्यात तीही काही सामान्य गोष्ट नव्हे. पुढे इस्पिकची दुर्री आली, तेव्हा दोघेही गप्प राहिले. अखेरीस चौकटची छक्की आली. चॅन पुन्हा गप्प राहिला. सायडेलने आपल्याजवळचे सर्व काही पणास लावले. चॅनने होकार दिला आणि स्पर्धा संपली. १९९८ मध्ये निघालेल्या 'राउंडर्स' या चित्रपटात या डावाचे मूळ चित्रण वापरलेले असल्यामुळे पोकर न खेळणाऱ्यांनाही तो परिचित आहे.

या प्रसंगात भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट अशी की, चॅनने सायडेलला काहीही खोटे सांगितले नाही. किंबहुना त्याने काही सांगितलेच नाही. तरीही सायडेलला त्या न सांगण्यातून एक निश्चित अर्थ मिळाला : 'याच्यापाशी विशेष काही नाही.' जेथे उच्चार नाही तेथे अर्थ कोठून आला? आणि तो अर्थ चॅनला उपयोगी पडला तसा प्रत्येक खेळाडूला, प्रत्येक वेळी उपयोगी पडेल काय?

बळकट पाने हाती असता मुद्दाम दुबळेपणाचा आव आणून खेळण्याच्या या रीतीला पोकरच्या परिभाषेत 'स्लोप्ले' म्हणतात. मराठीत यासाठी नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. 'दबा धरणे' हा आपला जुना वाक्प्रचार ही क्रिया नेमकी व्यक्त करतो. प्रस्तुत लेखात 'दबा' हा शब्द याच अर्थी योजिला आहे. दबा केव्हा धरावा, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः पानांच्या बळावरून दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे. मौन या चिन्हाला त्या बैठकीत कोणते मूल्य आहे यावर दब्याचे यश अवलंबून असते, आणि ते मूल्य खेळाडू स्वतःच आपल्या इतर सर्व मौनांनी ठरवीत असतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

विवेचनापूर्वी खेळाचा सांगाडा थोडक्यात सांगणे इष्ट होईल. पोकरचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी आज सर्वाधिक रूढ असलेला 'टेक्सास होल्डेम' हाच येथे विचारात घेतला आहे. यात प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकलेली मिळतात. मेजावर सर्वांना सामाईक अशी पाच पाने तीन टप्प्यांनी उघडली जातात : प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. या टप्प्यांस अनुक्रमे फ्लॉप, टर्न व रिव्हर अशी नावे आहेत. या सात पानांतून ज्याची पाच पानांची जुळणी श्रेष्ठ ठरेल तो मधली रास जिंकतो. पाने उघडण्यापूर्वी एकदा व प्रत्येक टप्प्यानंतर एकदा, अशा पैजेच्या चार फेऱ्या होतात. कोणी पैज लावली की इतरांनी तिची बरोबरी करावी, ती वाढवावी किंवा पाने टाकून डाव सोडावा. मात्र आपल्यापर्यंत कोणीच पैज लावलेली नसेल तर काहीही न भरता पाळी पुढे जाऊ देता येते. यास 'चेक' म्हणतात. आपल्या विषयातील मौन ते हेच.

(मराठीत पत्त्यांच्या खेळात 'हात' म्हणजे एका फेरीत जिंकलेली पाने. पोकरमध्ये इंग्रजीत 'हात' या अर्थाचा शब्द खेळाडूजवळील पानांस लावतात. घोटाळा टाळण्यासाठी येथे सर्वत्र 'पाने' असेच म्हटले आहे.)

'पोकर' हा शब्द फ्रेंच 'पोक' या खेळाच्या नावावरून आला असावा आणि त्याचा संबंध 'ठोकणे' या अर्थाच्या 'पोखेन' या जर्मन धातूशी असावा, असे मत सामान्यतः मांडले जाते. आजही पोकरच्या मेजावर 'चेक' हे तोंडाने न म्हणता बोटांनी मेज ठोकून दर्शविण्याची पद्धत आहे. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, येथे मौनालाही एक दृश्य खूण आहे. ते नकळत घडलेले मौन नसून नियमबद्ध व्यवस्थेने मान्य केलेले एक चिन्ह आहे.

३

काहीही न करणे हे चिन्ह होऊ शकते, ही कल्पना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवीन वाटू नये. पाणिनीच्या व्याकरणात 'लोप' ही संज्ञा आहे. जे तेथे असावयास हवे होते पण दिसत नाही, त्यालाही त्या शास्त्रात स्थान आहे व त्याची कार्ये आहेत. रोमान याकोबसनने १९३९ साली 'शून्य चिन्ह' या विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. मराठीतील उदाहरण घ्यावयाचे तर 'बस' व 'बसा' ही आज्ञार्थी रूपे पाहावीत. 'बसा' यास प्रत्यय आहे, 'बस' यास नाही. परंतु समोरच्या व्यक्तीस 'तू' या नात्याने संबोधिले आहे ही गोष्ट ऐकणाऱ्यास त्या प्रत्ययाच्या अभावावरूनच कळते. हा अभाव बोलका होतो तो 'बसा' हे रूप भाषेत उपलब्ध आहे म्हणून. ते रूप नसते तर 'बस' यातील शून्यास काही अर्थ उरला नसता.

फेर्दिनां द सोस्यूर याच्या व्याख्यानांवरून १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा गाभा हाच आहे : चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगी नसते, ते त्याच्या शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदात असते. पोकरमधील 'चेक' हा पैजेच्या शेजारी उभा आहे. जेथे पैज लावता आली असती तेथे ती लावली नाही, म्हणून त्या मौनास अर्थ.

परंतु तो अर्थ 'दुबळेपणा' हाच का? येथे पॉल ग्राइस याच्या विचाराचे साहाय्य होते. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्याने असे दाखविले की, वक्त्याने आवश्यक तेवढी माहिती द्यावी अशी श्रोत्याची अपेक्षा असते. त्यामुळे जे सांगितले नाही त्यावरूनही श्रोता अनुमान काढतो. 'काही विद्यार्थी आले' असे म्हटले की 'सगळे आले नाहीत' हे आपण गृहीत धरतो. सायडेलचे अनुमान याच जातीचे होते : 'याच्यापाशी बळ असते तर त्याने पैज लावली असती.' मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. ग्राइसच्या संभाषणात दोन्ही पक्ष सहकार्य करीत असतात. पोकरमध्ये ते प्रतिस्पर्धी असतात. सहकार्यातून घडलेली अनुमानाची सवय स्पर्धेत वापरून घेणे, हे दब्याचे तंत्र होय.

यातून पहिला व्यावहारिक निष्कर्ष निघतो. दबा धरावयाचा तर समोरचा माणूस अनुमान काढणारा हवा. जो आपली पाने सोडून दुसरीकडे पाहतच नाही आणि कोणतीही पैज आली तरी बरोबरी करतो, त्याच्यापुढे गप्प बसणे व्यर्थ आहे. तो आपले मौन वाचतच नाही, म्हणून फसतही नाही. उलट पैज लावली असती तर त्याने ती निमूटपणे भरली असती. अशा माणसासमोर बळ असेल तेव्हा उघडपणे पैज लावावी.

४

मौनाचे मूल्य खेळाडूच्या इतर कृतींवर अवलंबून असते, हे आतापर्यंत दृष्टांताने सांगितले. ते गणिताने सिद्ध करता येते. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ च्या निबंधात व पुढे १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्नसह लिहिलेल्या ग्रंथात खेळांचे गणित मांडले, आणि त्या ग्रंथात पोकरला खास स्थान दिले. आपल्या प्रश्नास अधिक उपयोगी आहे तो १९५० साली हॅरल्ड कून याने मांडलेला तीन पानांचा छोटा पोकर.

या खेळात राजा, राणी व गुलाम अशी तीनच पाने असतात. दोन खेळाडू प्रत्येकी एक नाणे मध्ये टाकतात व एकेक पान घेतात. पहिल्याने एका नाण्याची पैज लावावी किंवा चेक म्हणावे. पैज आल्यास दुसऱ्याने बरोबरी करावी किंवा डाव सोडावा. पहिला गप्प राहिला तर दुसऱ्याला गप्प राहण्याची किंवा पैज लावण्याची मुभा असते, आणि त्याने पैज लावल्यास पहिल्याने बरोबरी करावी किंवा डाव सोडावा. अखेर ज्याचे पान मोठे तो जिंकतो.

पहिल्या खेळाडूस राजा मिळाला आहे असे समजू. हे अजिंक्य पान आहे. त्याने पैज लावावी की दबा धरावा? दुसरा खेळाडू निर्दोष खेळत असेल तर तो राणी असताना तीनांतून एकदा पैजेची बरोबरी करतो व गुलाम असताना नेहमी डाव सोडतो. उलट, पहिला गप्प राहिला तर तो राणी घेऊन गप्प राहतो आणि गुलाम घेऊन तीनांतून एकदा हूल देतो, म्हणजे काही नसताना पैज लावतो. आता हिशेब पाहू. पैज लावली असता गुलामाकडून एक नाणे मिळते व राणीकडून सरासरी ४/३. दोन्ही शक्यता समान असल्याने एकूण सरासरी ७/६. गप्प राहिले असता राणीकडून एक नाणे मिळते व गुलामाकडून सरासरी ४/३ ; एकूण सरासरी पुन्हा ७/६. दोन्ही मार्ग तंतोतंत सारखे ठरतात.

बेरीज एकच असली तरी ती दोन ठिकाणांहून येते. पैज लावणाऱ्या राजाला अधिक उत्पन्न मिळते ते राणीच्या कुतूहलातून; गप्प राहणाऱ्या राजाला मिळते ते गुलामाच्या धाडसातून. समोरचा माणूस निर्दोष खेळत नसेल, आणि माणसे बहुधा तशी खेळत नाहीत, तर त्याचा दोष कोणत्या बाजूचा आहे हे पाहून निर्णय करावा. जो मध्यम पाने घेऊन 'पाहूया तरी' म्हणत बरोबरी करतो त्याच्यापुढे पैज लावावी. जो समोर दुबळेपणा दिसताच हूल देतो त्याच्यापुढे दबा धरावा.

कूनच्या उत्तराचा दुसरा भाग आमच्या प्रतिपादनास अधिक जवळचा आहे. पहिला खेळाडू गुलाम घेऊन जितक्या वेळा हूल देतो, त्याच्या तिप्पट वेळा त्याने राजा घेऊन पैज लावली पाहिजे. हूल अजिबात द्यावयाची नसेल तर राजा घेऊनही त्याने कधीच पैज लावू नये. प्रत्येक वेळी दबाच धरावा. हूल तीनांतून एकदा द्यावयाची असेल तर राजा घेऊन प्रत्येक वेळी पैज लावावी, दबा कधीच धरू नये. या दोन टोकांच्या दरम्यान कोणतेही प्रमाण चालते. पहिल्या खेळाडूचे सरासरी नुकसान प्रत्येक डावास १/१८ नाणे इतकेच राहते.

याचे कारण भाषाशास्त्रीय शब्दांत सांगता येईल. जो कधीच हूल देत नाही त्याची पैज म्हणजे 'माझ्यापाशी राजा आहे' अशी जाहीर घोषणा होते. ती ऐकून राणीवाला पाने टाकतो आणि राजाचे बळ वाया जाते. अशा माणसाची पैज हे एकार्थी चिन्ह होऊन बसते. मौनाचेही तसेच. जो बळकट पाने घेऊन कधीच गप्प राहत नाही त्याचे प्रत्येक मौन 'माझ्यापाशी काही नाही' असे ओरडून सांगते, आणि प्रतिपक्ष त्याच्या मध्यम पानांवर निर्धास्तपणे हल्ला चढवितो. म्हणजे दब्याचा लाभ केवळ त्या एका डावापुरता नसतो. आज राजा घेऊन गप्प राहिल्यामुळे उद्या राणी घेऊन गप्प राहिलेल्याला संरक्षण मिळते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण दुबळेपणा झाकण्याच्या संदर्भात वापरतो; परंतु मूठ सव्वा लाखाची वाटण्यास कधी तरी तीत खरोखरच सव्वा लाख निघावे लागतात, ही तिची अध्याहृत अट आहे.

५

आता मौनाची किंमत पाहू. प्रत्यक्ष खेळात ती दोन प्रकारे द्यावी लागते.

पहिली किंमत राशीच्या वाढीची. होल्डेममध्ये फ्लॉपनंतर पैजेच्या तीन फेऱ्या असतात. राशीत १०० चिप आहेत आणि प्रत्येक फेरीत राशीइतकी पैज लागून तिची बरोबरी होते असे धरू. रास पहिल्या फेरीनंतर ३००, दुसरीनंतर ९०० व तिसरीनंतर २७०० होईल. प्रतिपक्षाच्या खिशातून १३०० चिप आलेल्या असतील. एका फेरीत दोघेही गप्प राहिले तर रास ९०० वर थांबेल आणि प्रतिपक्षाचे केवळ ४०० चिप आलेले असतील. एका फेरीचे मौन म्हणजे एक तृतीयांशाचा तोटा असे वरवर वाटते. वस्तुतः तो दोन तृतीयांशांहून अधिक आहे, कारण रास बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. नवशिक्या खेळाडूला दब्याचा मोह फार असतो, कारण फसवणुकीचा आनंद डोळ्यांना दिसतो. न वाढलेली रास दिसत नाही.

दुसरी किंमत फुकट दिलेल्या पानाची. समजा, आपल्याजवळ इस्पिकची व किलवरची नव्वी आहे आणि मेजावर बदामाची दश्शी, बदामाची नव्वी व किलवरची दुर्री उघडली आहे. आपल्या तीन नव्व्या झाल्या. उत्तम स्थिती आहे. परंतु समोरच्याकडे बदामाचा एक्का व पंजी असेल तर आणखी एका बदामाने त्याची एका रंगाची पाच पाने पूर्ण होतात व आपण मागे पडतो. उरलेल्या ४५ पानांत बदामाची ९ आहेत. त्यांपैकी बदामाची दुर्री आली तर मात्र मेजावर दुर्रीची जोडी होऊन आपलीच जुळणी अधिक बळावते. म्हणजे घातक पाने ८, प्रमाण जवळजवळ १८ टक्के. आपण १०० च्या राशीत ७५ ची पैज लावली तर त्याला ७५ भरून एकूण २५० च्या राशीसाठी झगडावे लागेल. पुढील पैजांचा विचार बाजूस ठेवला तर हा व्यवहार फायद्याचा होण्यास त्याला ३० टक्के संधी हवी. ती त्याच्यापाशी नाही. आपण गप्प राहिलो तर तीच १८ टक्के संधी त्याला विनामूल्य मिळते. अशा ठिकाणी मूग गिळून बसणे ही चातुर्याची नव्हे, उधळपट्टीची गोष्ट ठरते.

पोकरवर लिहिणाऱ्यांपैकी डेव्हिड स्क्लान्स्की याने 'द थिअरी ऑफ पोकर' या ग्रंथात दब्याच्या अटी सांगितल्या आहेत. त्यांचा आशय असा : आपली पाने फार बळकट असावीत, पैज लावल्यास सर्वजण डाव सोडतील अशी स्थिती असावी, फुकट मिळालेल्या पानाने प्रतिपक्षाची जुळणी सुधारावी, पण आपल्यापेक्षा खालचीच राहावी, त्या पानाने तो आपल्यापुढे जाण्याचा संभव अत्यल्प असावा, आणि रास अजून फार मोठी झालेली नसावी. शेवटच्या अटीचे कारण उघड आहे. रास मोठी असेल तर ती आताच पदरात पाडून घेण्यातच लाभ असतो, आणि प्रतिपक्षही मोठ्या राशीच्या लोभाने बरोबरी करण्याचा संभव अधिक असल्याने बळ लपविण्याचे प्रयोजन उरत नाही.

६

या अटी योग्य आहेत, तथापि त्यांत एक बारकावा सहज निसटतो. मेजावर निरनिराळ्या रंगांचे राजा, सत्ती व दुर्री उघडले आहेत असे समजा. येथे एका रंगाची वा सलग पाने जुळून येण्याचा धोका जवळजवळ नाही. खेळाडू 'अ' जवळ दोन राजे आहेत, म्हणजे त्याचे तीन राजे झाले. खेळाडू 'ब' जवळ दोन दुर्र्या आहेत, म्हणजे त्याच्या तीन दुर्र्या झाल्या. मेज तेच, धोका सारखाच कमी, आणि दोघेही बहुधा जिंकणार. मग दोघांचा निर्णय एकच असावा काय?

नसावा. पैज लावल्यावर बरोबरी कोण करील याचा विचार करू. राजा बाळगणारा प्रतिपक्ष सहसा पाने टाकणार नाही. परंतु 'अ' जवळ दोन राजे आहेत व एक मेजावर आहे. म्हणजे बाहेर एकच राजा उरला. प्रतिपक्षाकडे राजा व राणी अशी जोडगोळी असण्याचे प्रकार एक गुणिले चार, म्हणजे केवळ ४. 'ब' च्या बाबतीत बाहेर तीन राजे आहेत. तेच प्रकार तीन गुणिले चार, म्हणजे १२. 'अ' ने स्वतःच आपल्या श्रोत्यांची तोंडे बंद करून ठेवली आहेत. त्याची पैज ऐकून उत्तर देण्याजोगी पाने समोर फारशी उरलेलीच नाहीत. त्याने गप्प राहून प्रतिपक्षाला काही तरी जुळविण्यास वेळ द्यावा हे युक्त. समोर गुलाम व दश्शी असेल तर पुढच्या पानाने जोडी जमण्याचा संभव ४५ पैकी ६, म्हणजे सुमारे १३ टक्के. आणि ती जोडी जमली तरी ती तीन राजांपुढे टिकणारी नाही. 'ब' ने मात्र पैजच लावावी, कारण तिची बरोबरी करणारी पाने समोर असण्याचा संभव तिप्पट आहे.

म्हणजे अधिक बळकट पानांनी दबा धरावा आणि थोड्या कमी बळकट पानांनी उघडपणे खेळावे, असे येथे ठरते. याचे कारण बळाचे प्रमाण हे नसून, आपल्या हातातील पानांमुळे समोर काय असू शकत नाही, हे आहे. दबा धरण्यापूर्वी 'माझी पाने किती मोठी आहेत?' यापेक्षा 'माझ्या पैजेला उत्तर देणारा कोणी शिल्लक आहे काय?' हा प्रश्न अधिक उपयोगी होय.

या दृष्टीने चॅनचा डाव पुन्हा पाहू. इस्पिकची दुर्री आल्यानंतर सायडेलला वाचवू शकेल असे एकही पान गड्डीत उरले नव्हते. फुकट पानाची किंमत शून्य झाली होती. राशीच्या वाढीची किंमत मात्र चॅन खरोखरच देत होता; शेवटच्या फेरीत सायडेलही गप्प राहिला असता तर चॅनला त्या फेरीत काहीच मिळाले नसते. ही किंमत त्याने मोजली ती समोर बसलेल्या माणसावर भरवसा ठेवून. सायडेलपाशी बोलण्याजोगे काही आहे, आणि आपल्या मौनाचा अर्थ तो दुबळेपणा असाच लावील, असा तो भरवसा होता.

७

सर्व पत्त्यांच्या खेळांत मौनाला हे स्थान नसते. दिवाळीत आपल्याकडे घरोघरी रंगणाऱ्या तीन पत्तीत फुकट पाळी सोडण्याची सोयच नाही. पाळी आली की पैसे भरावेत किंवा पाने टाकावीत. त्यामुळे तेथे दबा धरणाऱ्यास गप्प राहता येत नाही; तो लहानात लहान चाल देऊन इतरांना डावात टिकवून धरतो. ज्या भाषेत शून्य प्रत्यय नाही तेथे तेच कार्य एखादा अगदी लहान प्रत्यय करतो, असे म्हणता येईल. भेद सूचित करण्याची गरज दोन्हीकडे एकच आहे. साधन व्यवस्थेनुसार बदलते.

मौनाने फसविणे हे न्याय्य आहे काय, हा प्रश्न पोकर खेळणाऱ्यांनाही पडत आला आहे. प्रथम चेक म्हणून, समोरच्याने पैज लावल्यावर ती वाढविणे याला इंग्रजीत 'सँडबॅगिंग' असे नाव पडले; वाळूने भरलेल्या पिशवीने बेसावध माणसावर प्रहार करणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. काही घरगुती बैठकींत असे करण्यास मनाईच असे. त्या मनाईचा परिणाम चिन्हाच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मौनानंतर बळ दाखविण्यास बंदी केली की मौन पुष्कळ अंशी एकार्थी होते : गप्प म्हणजे दुबळा. त्यामुळे खेळ सभ्य होतो, पण त्यातील एक चिन्ह निकामी होते.

या चर्चेचा समारोप करण्यास एक अलीकडचे संशोधन साहाय्यभूत ठरेल. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन खेळाडूंचा, मर्यादित पैजेचा होल्डेम संगणकाच्या साहाय्याने व्यवहारतः पूर्णपणे सोडविला. या प्रकारात एका फेरीत पैज किती वेळा वाढवावी यास मर्यादा असते. संगणकाने शोधलेल्या खेळात, पाने वाटणाऱ्याच्या जागी असता पहिल्या फेरीतील ती शेवटची वाढ जवळजवळ कधीच केली जात नाही. दोन एक्के, म्हणजे सुरुवातीची सर्वोत्तम पाने हाती असतानाही दहा हजारांतून एकदाही नाही. तेथे केवळ बरोबरी करून थांबणे हा त्याचा नेम आहे. संगणकाला सायडेलच्या चेहऱ्याची ओळख नाही, चॅनचा भरवसाही नाही. वाढविल्याने जो लाभ व्हावयाचा त्यापेक्षा, त्या फेरीतील आपल्या साऱ्या पानांना एकाच आवरणाखाली ठेवण्याने होणारा लाभ अधिक आहे, असा या वर्तनाचा अर्थ लावता येतो. तेथे एक्के शांत राहतात म्हणून इतर पानांच्या शांततेचा अर्थ प्रतिपक्षाला लावता येत नाही.

तेव्हा दबा धरू इच्छिणाऱ्याने स्वतःस चार प्रश्न विचारावेत. फुकट पान दिल्याने काय गमवावे लागेल? एक फेरी गप्प राहिल्याने रास किती लहान राहील? पैज लावल्यास तिला उत्तर देणारी पाने समोर शिल्लक आहेत काय? आणि समोरचा माणूस मौन वाचणारा आहे काय, असल्यास आजवरच्या आपल्या मौनांवरून तो काय शिकला असेल? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बव्हंशी मोजता येतात. चौथ्याचे उत्तर खेळाडूच्या पूर्ववर्तनात असते, व ते त्याला ऐन वेळी बदलता येत नाही.

हा चौथा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही लागू आहे. चिन्हाचे मूल्य व्यवस्था ठरविते, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो, आणि ते खरेच आहे. परंतु पोकरच्या मेजावर ती व्यवस्था कोशात वा व्याकरणात लिहून ठेवलेली नसते. दोघातिघांच्या परस्पर वर्तनातून ती डावागणिक घडत व बिघडत असते, आणि प्रत्येक वापराची किंमत मोजता येते. अर्थ कसा रूढ होतो, कसा झिजतो, आणि आपण केलेला वापर आपल्याच पुढील शब्दांवर कसा परिणाम करतो, हे इतक्या लहान क्षेत्रात व इतक्या उघड हिशेबाने पाहावयास मिळण्याची ठिकाणे थोडी आहेत. त्यांपैकी एक म्हणून या खेळाकडे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहावे, एवढीच प्रस्तुत लेखकाची अपेक्षा आहे.